थिबा राजा: एकतीस वर्षे नाकारलेली भेट

रत्नागिरीच्या सहलीत थिबा पॅलेस सहसा चुकत नाही. जांभ्या दगडाची मोठी वास्तू, अर्धवर्तुळाकार लाकडी कमानी, रंगीत काचा, दूरवर दिसणारी खाडी. पर्यटक फोटो काढतात आणि पुढच्या ठिकाणी जातात. ब्रह्मदेशाचा कुणी राजा इथे राहत होता, एवढेच बहुतेकांना माहीत असते. तो इथे आला कसा, त्याला ठेवले कोणी आणि इतकी वर्षे त्याला भेटू कोणाला दिले, हे प्रश्न फारसे कोणी विचारत नाही.

आम्हाला ते विचारणे गरजेचे वाटते. थिबा हा ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, शेवटचा बौद्ध राजा. त्याला पदच्युत करून परदेशात नेले आणि मरेपर्यंत तिथेच ठेवले, आणि ते परदेश म्हणजे आपले कोकण. त्याच्यावर खटला चालला नाही. त्याला शिक्षा सुनावली गेली नाही. कैदेची मुदतही ठरली नाही. त्याला फक्त आपल्या माणसांपासून तोडून ठेवले. चळवळीतल्या तरुणांनी हे चरित्र वाचावे ते याच कारणासाठी. सत्ता नेत्याला नेहमी फासावर चढवते असे नाही. बऱ्याचदा ती त्याला दूर नेते, दारावर पहारा बसवते आणि भेटीची परवानगी स्वतःच्या हातात ठेवते.

धम्मराजाचा मुलगा

थिबाचा जन्म १ जानेवारी १८५९ चा, मंडालेचा. वडील राजा मिंडोन. ब्रह्मदेशाच्या इतिहासात मिंडोन यांचे नाव आदराने घेतले जाते. त्यांनी मंडाले ही नवी राजधानी वसवली. संपूर्ण तिपिटक संगमरवरी शिलांवर कोरून घेतले. ७२९ शिला, प्रत्येक शिलेवर स्वतंत्र छोटे चैत्य. कुथोडॉ पॅगोड्याच्या आवारात त्या आजही उभ्या आहेत. १८७१ मध्ये त्यांनी मंडालेला पाचवी धम्मसंगीती भरवली. धम्मशासनाचा दायक ही राजाची पहिली ओळख, अशी त्या देशाची परंपरा होती.

मात्र त्यांच्या हाती अर्धाच देश उरला होता. १८२४ ते १८२६ च्या पहिल्या युद्धात इंग्रजांनी आराकान आणि तेनासेरिम घेतले. १८५२ च्या दुसऱ्या युद्धात रंगूनसह सगळा दक्षिण ब्रह्मदेश गिळला. श्वेडगॉन हा त्या देशातला सर्वांत पूज्य पॅगोडा, आणि तोही इंग्रजांच्या हद्दीत गेला. १८७१ मध्ये मिंडोन यांनी श्वेडगॉनच्या शिखरासाठी रत्नजडित सुवर्णछत्र अर्पण केले. इंग्रजांनी छत्र येऊ दिले, राजाला येऊ दिले नाही. राजा आला तर लोक जमतील आणि हा देश खरा कोणाचा हे त्यांना आठवेल, ही त्यामागची भीती. दान चालेल, भेट चालणार नाही, हे इंग्रजी धोरण थिबाने लहानपणी आपल्या वडिलांच्या बाबतीत पाहिले होते.

थिबाला कोणी भावी राजा समजत नव्हते. त्याची आई राजाच्या मर्जीतली नव्हती. मुलगा विहारात शिकला, पालीत तयार झाला आणि १८७७ च्या सुमारास धम्मपरीक्षा वरच्या दर्जाने उत्तीर्ण झाला. वडिलांनी त्याचे कौतुक केले. सगळे सरळ चालले असते, तर तो अभ्यासू, शांत राजपुत्र म्हणून जगला असता आणि आपल्याला त्याचे नावही कळले नसते.

भेटीचा सापळा

१८७८ मध्ये मिंडोन आजारी पडले. वारस ठरलेला नव्हता आणि राजपुत्र बरेच होते. सिनब्यूमाशिन ही महत्त्वाकांक्षी राणी आणि दरबारातले काही मंत्री यांनी डाव रचला. राजा अखेरच्या भेटीसाठी बोलावत आहे, असा निरोप राजपुत्रांना पाठवण्यात आला. ते आले आणि पकडले गेले. मिंडोन यांना हे कळले तेव्हा त्यांनी मुलांना सोडायला लावले, पण ते पुन्हा पकडले गेले. न्यौंगयान आणि न्यौंगओक हे दोन राजपुत्र आधीच सावध झाले होते. इंग्रजांच्या आश्रयाने ते कलकत्त्याला निसटले.

ऑक्टोबर १८७८ मध्ये मिंडोन गेले आणि १९ वर्षांचा थिबा गादीवर बसला. राणीला जावई राजा हवा होता. सुपयालत ही तिची मुलगी थिबाची पट्टराणी झाली. किनवुन मिनजी हा युरोप पाहून आलेला मंत्री. नवा राजा मवाळ असेल, तर मंत्रिमंडळाच्या हाती कारभार देता येईल आणि जुनी राजेशाही सुधारता येईल, अशी त्याची आशा होती. काही महिने तसे प्रयत्नही झाले.

मग फेब्रुवारी १८७९ उजाडला. कैदेतल्या राजपुत्रांची, राजकन्यांची आणि त्यांच्या नातलगांची कत्तल झाली. सुमारे ८० जण मारले गेले आणि त्यांत मुलेही होती. हुकूम कोणी दिला, राजाला किती माहीत होते, राणी आणि तिच्या आईचा वाटा किती, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. तरीही हे थिबाच्या राज्यात, त्याच्या नावाने झाले. विहारात शिकलेल्या, पाणातिपाता वेरमणी हे शील रोज म्हटलेल्या राजाच्या महालात हे घडले.

हा भाग आम्ही गाळणार नाही. आपल्या समाजात बौद्ध राजाचे चरित्र लिहिताना त्याला अशोक करून टाकण्याची घाई होते. थिबा अशोक नव्हता. शिवाय त्याने केलेल्या अन्यायाची सुरुवातही भेटीच्या खोट्या निरोपानेच झाली होती. पुढे इंग्रजांनी हीच कत्तल पुढे करून आपल्या आक्रमणाला नीतीचा मुलामा दिला. पण युद्ध झाले ते कत्तलीनंतर तब्बल सहा वर्षांनी, आणि त्याचे निमित्त लाकडाचे होते.

सागवानासाठी राज्य

बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही १८६३ मध्ये मुंबईत स्थापन झालेली इंग्रज कंपनी. उत्तर ब्रह्मदेशातल्या जंगलांत सागवान तोडण्याचे ठेके तिच्याकडे होते. कंपनी तोडलेले ओंडके कमी दाखवते आणि दरबाराचे पैसे बुडवते, असा आरोप झाला. १८८५ मध्ये मंडालेच्या राजसभेने तिला सुमारे २३ लाख रुपयांचा दंड ठोठावला.

त्याच वर्षी जानेवारीत थिबाच्या दरबाराने फ्रान्सशी करार केला होता. फ्रेंच शेजारी येऊन बसतील ही इंग्रजांची खरी धास्ती. रंगूनच्या इंग्रज व्यापाऱ्यांना उत्तर ब्रह्मदेशाची बाजारपेठ आणि चीनकडे जाणारी वाट हवी होती. कंपनीच्या दंडाने हवे ते निमित्त मिळाले. ऑक्टोबर १८८५ मध्ये निर्वाणीचा खलिता आला. दंडाचा वाद इंग्रज प्रतिनिधीसमोर सोडवा आणि परराष्ट्र व्यवहार इंग्रजांच्या सल्ल्याने चालवा. म्हणजे नावाला राजा राहा.

दरबाराने ते पूर्णपणे मान्य केले नाही. नोव्हेंबरच्या मध्याला जनरल प्रेंडरगास्टच्या हाताखाली सुमारे दहा हजारांची फौज इरावतीतून वर निघाली. मिन्हला किल्ल्यावर लढाई झाली, बाकी फारसा प्रतिकार झाला नाही. २८ नोव्हेंबरला फौज मंडालेत पोहोचली. युद्ध दोन आठवडेच चालले.

दुसऱ्या दिवशी, २९ नोव्हेंबर १८८५ रोजी, राजाला आणि राण्यांना महालातून बाहेर काढले. बैलांच्या गाडीत बसवून शिपायांच्या पहाऱ्यात नदीकडे नेले. रस्त्यांवर लोक जमले होते. अनेकांनी जमिनीवर लोटांगण घातले, अनेक जण रडत होते. ब्रह्मी जनतेने आपल्या राजाला पाहिले ते हे शेवटचे. संध्याकाळी थुरिया नावाच्या आगबोटीत त्याला चढवले. रंगूनमार्गे डिसेंबरात तो मद्रासला पोहोचला.

१ जानेवारी १८८६ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिनने उत्तर ब्रह्मदेश ब्रिटिश साम्राज्यात सामील केल्याची घोषणा केली. तो थिबाचा २७ वा वाढदिवस होता. १ जानेवारी म्हटले की आपल्याला भीमा कोरेगाव आठवते. एकाच तारखेला इतिहासाच्या दोन वेगळ्या बाजू आहेत, हेही ध्यानात ठेवावे. ज्या इंग्रजी राजवटीत आपल्या पूर्वजांना लष्कराची आणि शाळेची दारे काही प्रमाणात उघडली, त्याच राजवटीने एका बौद्ध राष्ट्राचे दार बंद केले. यातली एक गोष्ट सांगून दुसरी लपवणे प्रामाणिकपणाचे नाही.

राजा गेल्यावर देश शांत झाला नाही. खरे युद्ध त्यानंतर पेटले. राजपुत्र, गावांचे मुखिया, काही भिक्खूसुद्धा लढले. ते दडपायला इंग्रजांना तीस हजारांवर सैन्य उतरवावे लागले. गावे जाळली गेली. मंडालेच्या राजमहालाचे नाव फोर्ट डफरिन झाले. दरबारातली ताडपत्रे मोठ्या प्रमाणात नष्ट झाली. महालाच्या दालनात इंग्रज अधिकाऱ्यांचा क्लब भरू लागला. तिपिटकाच्या शिलांच्या आवारात सैनिकांनी तळ टाकला आणि शिलांवरचे सोने व दागिने लुटले गेले. भिक्खू संघाला राजाचा आश्रय होता, तो तुटला. संघप्रमुखाचे पद काही वर्षे रिकामे राहिले.

असा देश आपल्या राजाकडे डोळे लावून बसला होता. म्हणून राजाला लोकांच्या आवाक्याबाहेर ठेवणे ही इंग्रजांची गरज होती.

रत्नागिरीच का?

मद्रास गजबजलेले बंदर. रंगूनशी तिथून बोटींची ये-जा होती. एप्रिल १८८६ मध्ये थिबाला तिथून हलवून समुद्रमार्गे रत्नागिरीला आणले. रत्नागिरी निवडण्याचे कारण नकाशा पाहिला की कळते. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सह्याद्री. आगगाडी नाही. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटीही बंद. कोकण रेल्वे रत्नागिरीला पोहोचायला आणखी शंभरावर वर्षे जायची होती. मंडालेहून कोणी निघालाच, तर रंगून, मद्रास किंवा कलकत्ता, मग मुंबई, मग बोट, आणि शेवटी सरकारी अधिकाऱ्याच्या दारात परवानगीसाठी उभे राहणे. सामान्य ब्रह्मी माणसाला हे कसे जमावे?

सुरुवातीची जवळपास २४ वर्षे राजकुटुंब एका भाड्याच्या बंगल्यात राहिले. पोलिसांचा पहारा असे. राजावर देखरेख ठेवायला खास अधिकारी नेमलेला होता. राजाने कुठे जायचे, किती दूर जायचे, कोणाला भेटायचे हे त्याच्या परवानगीने. पत्रे त्याच्या हातून जात. सोबत आलेले सेवक एकेक करून मायदेशी परतले आणि त्यांच्या जागी रत्नागिरीची माणसे कामाला लागली. राजाचे जग आक्रसत गेले.

थिबा अर्ज लिहीत राहिला. व्हाइसरॉयला लिहिले, मुंबईच्या गव्हर्नरला लिहिले. तनखा पुरत नाही, मंडालेत घेतलेले जडजवाहीर परत मिळावे, कुटुंबाच्या राहण्याची नीट सोय व्हावी. त्याच्याकडचा न्गामौक नावाचा प्रख्यात माणिक ताबा घेताना इंग्रज अधिकारी कर्नल स्लेडनच्या हाती गेला, असा त्याचा शेवटपर्यंत दावा होता. तो माणिक परत मिळाला नाही. जवळ उरलेले दागिने हळूहळू विकले गेले आणि कर्ज वाढले. एकेकाळी ज्याच्या राजसभेने इंग्रज कंपनीला लाखोंचा दंड केला, तो तनख्याच्या वाढीसाठी कारकुनांच्या शेऱ्यांची वाट पाहत बसला.

१९०८ साली रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांसाठी मंडालेच्या तुरुंगात गेले. मंडालेत जन्मलेला राजा तेव्हा रत्नागिरीत कैदेत होता. टिळकांच्या विचारांशी आपले मतभेद आहेत आणि ते उघड आहेत. पण इथे मुद्दा वेगळा आहे. टिळकांवर खटला चालला, शिक्षेची मुदत ठरली आणि १९१४ मध्ये ते सुटले. थिबाच्या बाबतीत यातले काहीच घडले नाही. ज्या कैदेला मुदत नाही, तिच्याविरुद्ध अपील कुठे करणार?

सरकारने अखेर नवा महाल बांधला आणि १९१० मध्ये राजकुटुंब तिथे राहायला गेले. तोच आजचा थिबा पॅलेस. काही पर्यटकांना वाटते की इंग्रजांनी राजाची चांगली बडदास्त ठेवली. महाल मोठा असला तरी फाटकावर पहारा होताच. कैद्याची खोली मोठी केल्याने तो मोकळा होत नाही.

राजकन्या

या कैदेची सर्वांत मोठी किंमत चार मुलींनी दिली. थोरल्या दोघी मंडालेच्या, तिसरी मद्रासची, चौथी रत्नागिरीची. राजाशिवाय कोणाचाही गुन्हा इंग्रजांनी कधी सांगितला नाही, तरी मुली कैदेतच वाढल्या. शाळा नाही, मैत्रिणींचा मोकळा सहवास नाही. राजघराण्याला साजेसा वर सापडेना, आणि बाहेरचे जग आत येऊ दिले जाईना.

थोरलीने आपले माणूस आवारातच शोधले. गोपाळ सावंत हे महालातले स्थानिक नोकर. त्यांच्यापासून १९०६ मध्ये तिला मुलगी झाली, तिचे नाव टुटू. राजाराणीला हा मोठा धक्का होता. पुढे थोरली राजकन्या रत्नागिरीतच राहिली आणि १९४७ मध्ये इथेच वारली. टुटूने इथल्याच माणसाशी लग्न केले, मराठी बोलत, गरिबीत मुलेबाळे वाढवली आणि २००० साली तिने डोळे मिटले. ब्रह्मदेशाच्या राजाची नात आपल्या डोळ्यांसमोर, आपल्या शेजारी, हलाखीत जगली. आपल्यातल्या किती जणांनी तिच्या दारात जाऊन चौकशी केली असेल? राजाच्या भेटीला इंग्रजांचा पहारा आडवा येत होता. टुटूच्या भेटीला कोणाचाही पहारा नव्हता.

मेल्यावरही परवानगी

१९१२ मध्ये धाकटी राणी वारली. डिसेंबर १९१६ मध्ये, वयाच्या ५७ व्या वर्षी, थिबा गेला. मंडाले सोडल्याला ३१ वर्षे झाली होती. देह मायदेशी न्यावा, मंडालेत अंत्यविधी व्हावा, अशी सुपयालत राणीची मागणी होती. सरकारने ती मानली नाही. राणीही हटली नाही. शवपेट्या दोन वर्षांहून अधिक काळ महालाच्या आवारातच राहिल्या. जिवंतपणी ज्या राणीवर दरबारात क्रूरपणाचे आरोप झाले, तिने या एका बाबतीत साम्राज्याशी एकटीने झुंज दिली, हेही नोंदवले पाहिजे. शेवटी १९१९ मध्ये सरकारने दोघांचे दफन रत्नागिरीतच उरकले. त्याच वर्षी राणीला ब्रह्मदेशात परतायची परवानगी मिळाली, पण मंडालेला नाही, रंगूनला. १९२५ मध्ये ती वारली. तिलाही मंडालेत विसावा मिळाला नाही. तिची समाधी श्वेडगॉनच्या पायथ्याशी आहे.

हाच खेळ इंग्रजांनी आधी उलट्या दिशेने खेळला होता. १८५७ नंतर शेवटचा मोगल बादशहा बहादूरशहा जफर याला रंगूनला नेले. १८६२ मध्ये तो तिथे वारला आणि त्याची कबर मुद्दाम खूण न ठेवता बुजवली, म्हणजे कोणी दर्शनाला येऊ नये. श्रीलंकेत कँडीचा शेवटचा राजा श्री विक्रम राजसिंह याला १८१५ मध्ये पदच्युत करून वेल्लोरला आणले. १८३२ मध्ये तो तिथेच वारला. म्हणजे एका शतकाच्या आत दोन बौद्ध राज्यांचे शेवटचे राजे भारताच्या भूमीवर कैदेत मेले. बुद्धाची भूमी साम्राज्यासाठी बौद्ध राजांचा तुरुंग झाली होती.

इंग्रजांची भीती मात्र खरी ठरली. राजा गेला तरी त्याची जागा लोकांच्या मनात रिकामी राहिली नाही. १९०६ मध्ये रंगूनला तरुण बौद्ध संघटना उभी राहिली. भिक्खू यू ओत्तमा यांनी गावोगाव स्वराज्याची भाषणे केली आणि तुरुंगवास भोगला. भिक्खू यू विसारा यांनी तुरुंगात चीवर घालण्याच्या हक्कासाठी १६६ दिवसांचे उपोषण केले आणि १९२९ मध्ये प्राण सोडला. १९३० मध्ये साया सान याने स्वतःला राजा घोषित करून शेतकऱ्यांचे बंड उभारले. त्याला फाशी झाली. थिबाची चौथी मुलगी, रत्नागिरीत जन्मलेली, सरकारकडे घराण्याचे हक्क मागू लागली. तेव्हा तिला कुटुंबासह रंगूनहून मौलमेनला हलवले. १९३६ मध्ये ती तिथेच वारली. बापाला लावलेला नियम मुलीलाही लावला गेला.

आपला संबंध

काही जण विचारतील, ब्रह्मदेशच्या राजाशी आंबेडकरी तरुणांचा काय संबंध? संबंध जवळचा आहे. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे रत्नागिरी जिल्ह्यातले, आणि बालपणीचा काही काळ त्यांनी दापोलीत काढला. त्याच जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी तेव्हा एक बौद्ध राजा कैदेत होता. पुढे १९५४ मध्ये बाबासाहेब रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले, मंडालेलाही गेले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांना त्रिसरण पंचशील देणारे महास्थवीर चंद्रमणी हे आराकानमध्ये जन्मलेले. आराकान म्हणजे पहिल्या युद्धात इंग्रजांनी तोडलेला मुलूख. साम्राज्याने राजाला कैद केले, पण धम्माची वाट त्यांना अडवता आली नाही. ती वाट एका भिक्खूच्या पावलांनी आपल्यापर्यंत आली.

आजच्या म्यानमारकडेही पाहावे लागेल. २०१६ मध्ये थिबाच्या निधनाला शंभर वर्षे झाली. तेव्हा म्यानमारचे उपराष्ट्राध्यक्ष म्यिंट स्वे आणि लष्करप्रमुख मिन आँग लाइंग रत्नागिरीच्या समाधीवर आले आणि नतमस्तक झाले. १ फेब्रुवारी २०२१ रोजी त्याच लष्करप्रमुखाने निवडून आलेले सरकार उलथवले, आँग सान सू ची यांना अटक केली आणि म्यिंट स्वे हंगामी राष्ट्राध्यक्ष झाले. पुढे सू ची यांच्या कुटुंबाला आणि वकिलांनाही त्यांच्या भेटीसाठी झगडावे लागले. परक्यांनी कैद केलेल्या राजाला वंदन करायचे आणि आपल्याच देशातल्या नेत्याची भेट बंद करायची, हा दुटप्पीपणा आपण ओळखला पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, सू ची यांनी रोहिंग्यांच्या प्रश्नावर काय केले ते विसरलात का? विसरलो नाही. थिबाच्या महालातली कत्तलही विसरलो नाही. पण कैद्याला भेटण्याचा हक्क त्याच्या पुण्याईवर ठरत नसतो. त्याने गुन्हा केला असेल तर उघड खटला चालवा, पुरावा मांडा, शिक्षा ठरवा. त्यालाही वकील मिळाला पाहिजे, नातलग भेटले पाहिजेत, त्याचे पत्र पोहोचले पाहिजे. चांगल्या माणसांपुरताच हा हक्क ठेवला, तर चांगला कोण हे सत्ताच ठरवेल. आपल्या चळवळीतल्या माणसांच्या भेटीसाठी तुरुंगाच्या फाटकावर ज्यांनी नंबर लावला आहे, त्यांना हे समजावून सांगायला नको.

म्हणून आमचे रत्नागिरीतल्या आणि कोकणातल्या तरुणांना सांगणे आहे. थिबा पॅलेसला जाल तेव्हा समाधीवरही जा. ती महालापासून दूर नाही, पण तिकडे फार कमी लोक वळतात. बुद्धपौर्णिमेला तिथे वंदना घ्या. सोबत लहान मुलांना न्या आणि त्यांना पूर्ण गोष्ट सांगा, कत्तलीसकट आणि कैदेसकट. समाधीची स्वच्छता, तिथे मराठी आणि ब्रह्मी भाषेत माहितीचा फलक, म्यानमारहून येणाऱ्या उपासकांना मदत, ही कामे कोणत्याही बौद्ध मंडळाला करता येण्यासारखी आहेत. थिबाचे अवशेष मायदेशी न्यावेत की इथेच राहावेत, हे म्यानमारच्या जनतेने आणि त्याच्या वारसांनी ठरवावे. त्यांनी मागणी केली, तर आपण रत्नागिरीचे शेजारी म्हणून त्यांच्या बाजूने उभे राहू. तोपर्यंत त्याला भेटायला येणाऱ्या कोणालाही इथे परके वाटू नये, एवढे पाहणे आपल्या हातात आहे.

नमो बुद्धाय, जय भीम.